गाडी बदला, मुलूख बदलला

नांदेड आणि लातूर ही मराठवाड्यातली दोन मोठी शहरे. सडकेने दोघांत अंतर एकशे पस्तीस-चाळीस किलोमीटर. अहमदपूर, माळेगाव, लोहा करीत एसटी तीन-साडेतीन तासांत पोचवते. पण हाच प्रवास रेल्वेने करायचा म्हटला तर आधी उलट्या दिशेने पूर्णा गाठावे लागते. मग परभणी, मग गंगाखेड, परळी, तिथून डोंगर चढून घाटनांदूर, लातूर रोड आणि सरतेशेवटी लातूर. दोनशे किलोमीटरहून अधिक! ज्याला आपण द्राविडी प्राणायाम म्हणतो तो हाच.

असे का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते, "मध्ये बालाघाट आहे ना!" लहानपणापासून मी हे उत्तर ऐकत आलो. भूगोलाच्या पुस्तकात बालाघाट एका तपकिरी रेघेएवढा असतो आणि एसटीच्या खिडकीतून तो दिसतो न दिसतो. डोंगराची खरी उंची दोघांनाच कळते. एक डोक्यावर मोळी घेऊन चढणारीला आणि दुसरे सायकल मारणाऱ्याला. म्हणून यंदाच्या मार्गशीर्षात, वय साठीकडे झुकलेले असताना, सहा गिअरची सायकल एसटीच्या टपावर टाकून मी लातूरला गेलो आणि तिथून दोन चाकांवर निघालो. लातूर, उदगीर, कमलनगर, देगलूर, नांदेड, किनवट आणि आदिलाबाद. आठवडाभरात साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. डोंगर पाहायचा होताच, पण त्याहून जास्त पाहायचे होते ते सीमेपलीकडे जाणारे रूळ. कुठे गेले, कुठे थांबले आणि कुठे अजून जायचेच आहेत.

अडीच फुटांची रेल्वे

लातुरात आजही कितीतरी पत्त्यांत 'जुनी रेल्वे लाइन' हे शब्द असतात. रूळ केव्हाच उखडले गेले, पण टपालात ते शिल्लक आहेत. ही लाइन म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. मोठी लाइन बार्शी गावाला वळसा घालून गेली होती. बार्शीची पेठ कापसाची आणि तेलबियांची. म्हणून १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी गावापर्यंत छोटी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. मालक लंडनची कंपनी. १९५४ मध्ये ती भारतीय रेल्वेने विकत घेतली.

आता गंमत बघा. बार्शी होते इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे ही चिमुकली गाडी रोज सरहद्द ओलांडीत होती. इकडे इंग्रजांचा कळदार रुपया, तिकडे निजामाचा हाली. सात हाली म्हणजे सहा कळदार, असा साधारण हिशेब. सरहद्दीवर निजामाचे करोडगिरीचे नाके, म्हणजे जकात. माझे आजोळ लातूरकडचे. आजीचे माहेर बार्शीच्या बाजूला. ती सांगायची, माहेरी मिळालेले नवे लुगडे ती कधी गाठोड्यात ठेवत नसे. तिथल्या तिथे नेसून, वरून हळदीचे बोट लावूनच गाडीत बसे. नव्या कापडाला करोडगिरी, अंगावरच्या लुगड्याला काय लागणार! राजकारणातले तिला फारसे कळत नव्हते, पण सरहद्द म्हणजे काय ते पक्के ठाऊक होते. आपल्याच दोन घरांमध्ये बसलेला तिसरा माणूस.

मुलुखाची ही सरहद्द १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाल्यावर संपली. रुळांची मात्र संपली नाही. छोट्या लाइनची गाडी मोठ्या लाइनवर जाऊ शकत नाही. कुर्डुवाडीला हमालांनी एका डब्यातली पोती पाठीवर घ्यायची आणि दुसऱ्या डब्यात टाकायची. माणसांनीही उतरायचे, पोरेबाळे मोजायची, ट्रंका मोजायच्या आणि पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर पथारी पसरायची. लहानपणी मी या गाडीने पंढरपूरला गेलो आहे. गाडी इतकी संथ की माणसे खाली उतरून हुरड्याची कणसे घेऊन पुन्हा डब्यात चढतात, असे मोठी माणसे रंगवून सांगत. मी कणसे हातात घेऊन बसलेली माणसे पाहिली. ती उतरताना मात्र कधी दिसली नाहीत.

ही लाइन रुंद व्हायला नवे शतक उजाडले. कुर्डुवाडी-पंढरपूर टप्पा २००० नंतर लगेच झाला. लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) २००७ मध्ये, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ मध्ये. मिरज-पंढरपूर हा तुकडा त्यानंतर जोडला गेला. त्याचे मोल काय, ते एप्रिल २०१६ मध्ये कळले. लातूर तहानेने व्याकूळ झाले होते. नळाला पाणी येत नव्हते, टँकरपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. ३४२ किलोमीटर चालून ती लातूरला आली आणि लोकांनी इंजिनाला हार घातले. नंतर पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. हा मार्ग म्हणजे मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. थोडाफार फरक सोडला तर कॅलथ्रॉपच्याच छोट्या गाडीची वाट! मधला एखादा तुकडा अडीच फुटांचा राहिला असता तर ते पाणी कुर्डुवाडीला कुणी कशात ओतले असते?

चढ किती, बहाणा किती

लातूरहून उदगीर सत्तर किलोमीटर. उसाच्या ट्रॅक्टरांना वाट देत, चाकूरच्या बाजूने लातूर रोडला पोचलो. या स्टेशनचे नावच बघा. लातूर तिथून तीस-पस्तीस किलोमीटर दूर, आणि स्टेशन 'लातूर रोड'. म्हणजे 'लातूरला जायचे असेल तर इथे उतरा, पुढचे तुमचे तुम्ही बघा.' निजामाच्या रेल्वेने १९३० च्या सुमारास विकाराबादहून बिदरमार्गे परळीकडे ही लाइन टाकली, ती पुरी ब्रॉडगेज. म्हणजे एके काळी लातूरला नॅरोगेज, लातूर रोडला ब्रॉडगेज आणि नांदेडला मीटरगेज होते. एकाच मुलुखातल्या तीन बहिणी, पण तिघींची बोली वेगळी.

लातूर रोडच्या पुढे रस्ता वरखाली होऊ लागतो. तुरीला शेंगा भरल्या होत्या, ज्वारी निसवायला लागली होती. चढ आला की मी गिअर उतरवायचो आणि शेजारून जाणाऱ्या रुळांकडे बघायचो. सायकलवाल्याला रेल्वेचा फार हेवा वाटतो. वीस पावलांत एक पाऊल असा चढ असेल तर माझी दमछाक होते. रेल्वे असल्या चढाच्या वाटेलाच जात नाही. तिला शंभर पावलांत एक पाऊल हवे असते. त्यासाठी ती टेकडीला लांबून वळसा घालते, कुठे माती कापते, कुठे भराव टाकते, आणि न धापता वर येते.

तर बालाघाट चढायला किती? लातूर-उदगीरचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडे वर आहे. नांदेड साडेतीनशेच्या थोडे वर. म्हणजे फरक तीनशे मीटरसुद्धा नाही. बोरघाटात रेल्वेने याच्या जवळपास दुप्पट उंची सदतीस पावलांत एक अशा चढाने गाठली, आणि तीही १८६३ मध्ये, जेव्हा सुरुंगाच्या दारूपलीकडे यंत्रसामग्री नव्हती. आणि लांब कशाला? परळीहून घाटनांदूरला हाच बालाघाट चढून गाड्या कितीतरी वर्षे येताहेत.

उदगिरात पोचलो तेव्हा पोटऱ्या दुखत होत्या, हे खरे. पण एवढ्या डोंगराने शंभर वर्षे रेल्वे अडवून धरली हे काही पायांना पटेना. डोंगर नसेल तर मग अडवले कुणी? ते कळायला पुढचे चार दिवस लागले.

येळवशीला शीव नसते

दुसरा दिवस वेळ अमावस्येचा, आमच्याकडे म्हणतात तशी येळवस. या दिवशी लातूर-उदगीरची गावे ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याची कोपी करायची, तिच्यात पांडवांचे दगड पुजायचे, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर अशी पंगत. सोयरे असोत की वाटसरू, जो येईल तो जेवून जातो.

उदगिराहून कमलनगर वीसेक किलोमीटर. मध्ये केव्हा तरी महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक लागतो. मला ते पाट्यांवरून कळले. अक्षरे गोल झाली. शेते तीच, काळी माती तीच, आणि शेताशेतांत तशाच कोप्या. तिकडे या सणाला 'एळ्ळु अमावस्या' म्हणतात. एका बांधावरून एका बाईंनी हाक मारली, "कुठून आलाव बाबा?"

"लातूरहून, मावशी."

"सायकलवर? अन् येळवशीच्या दिवशी उपाशी फिरायलाव? या, बसा."

बसलो. आंबिलीचा पहिला पेला पोटात गेला तेव्हा सत्तर किलोमीटरचा शीण उतरला. बोलणे सगळे मराठीत. मावशींचे माहेर उदगीरजवळचे, एक लेक भालकीला दिलेली, दुसरी लातूर रोडला. दोन्हीकडे रेल्वेने जाणे-येणे. मी विचारले, "म्हणजे एक लेक कर्नाटकात, एक महाराष्ट्रात?" त्या हसल्या. म्हणाल्या, "गाडीला काय कळतंय हो शीव कुठंय ते! मला तर लेकींचे वार तेवढे ठावं. हिच्याकडं सोमवारी, तिच्याकडं गुरुवारी."

१९५६ पूर्वी उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचना झाली, ते इकडे आले, बिदर-भालकी तिकडे राहिले. भाषेचा न्याय झाला तो योग्यच झाला. पण सोयरिकी काही नकाशा बघून होत नाहीत. त्या जिथे रस्ता आणि गाडी असते तिथे होतात. या लाइनने हे दोन मुलूख बांधून ठेवले म्हणून ती माणसे तुटली नाहीत.

अर्थात सगळे गोडगुलाबीच आहे असे नाही. २०१७ मध्ये मुंबई-लातूर एक्स्प्रेस आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत वाढवली, तेव्हा लातुरात मोठे आंदोलन झाले. 'आमच्या गाडीत आम्हालाच जागा नाही' ही तक्रार खरी होती. आणि 'आम्हालाही मुंबईला जायचे आहे' हे बिदरकरांचे म्हणणेही खरे होते. दोन भुकेल्यांपुढे एकच भाकरी ठेवली की भांडण भुकेल्यांचे होते, भाकरी कमी करणाराचे नाव कुणी घेत नाही. कमलनगरच्या त्या शेतात या भांडणाचा विषय निघाला, तेव्हा मावशींच्या जावयांनी एका वाक्यात निकाल दिला, "आणखी एक गाडी सोडा की, भांडता कशाला?"

तीन राज्ये, एक बसस्थानक

उदगिराहून देगलूरला जाताना बालाघाट उतरत जातो. सायकलवाल्याचे सुख! मुक्रमाबादच्या आसपास चाके आपसूक पळत होती. लेंडी नदीच्या या खोऱ्यात महाराष्ट्र आणि शेजारचे राज्य यांचा मिळून एक धरणाचा प्रकल्प १९८० च्या दशकापासून रेंगाळत आला. दोन राज्यांचे काम म्हणजे दोन सासवांची सून, असे इकडे कुणी म्हणाले तर आश्चर्य वाटू नये.

देगलूर हे अगदी कोपऱ्यातले गाव. इकडे कर्नाटकातले औराद, तिकडे तेलंगणातले मदनूर. बसस्थानकात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू एकाच बाकावर ऐकू येतात. बाजारपेठ मोठी, माणसे कष्टाळू, हैदराबादचा हमरस्ता गावावरून जातो. फक्त रेल्वे नाही. गाडी हवी तर उदगीर गाठा, नाही तर नांदेड.

चहाच्या टपरीवर बसलो होतो. समोर एक बाई कापडी पिशवीत एक्सरेचे मोठे पाकीट घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याला हैदराबादला दाखवायला निघालेल्या. दर महिन्याला फेरी. बसमध्ये त्यांना आडवे होता येत नाही, आणि खासगी गाडीचे भाडे झेपत नाही. "रेल्वे असती तर पथारी तरी टाकली असती," एवढेच त्या म्हणाल्या. पलीकडे दोन पोरी होत्या, लातूरला शिकायला ठेवलेल्या, सुटी संपवून परत निघालेल्या. टपरीवाल्याला मी नव्या रेल्वेबद्दल विचारले. तो गाळणे आपटत म्हणाला, "आमच्या आज्यानं सर्वे बघितला, बापानं सर्वे बघितला, आता मी बघायलोय. दुर्बीण लावून येतेत, खुंट्या ठोकतेत अन् जातेत. खुंट्या चुलीत गेल्या."

त्याचे कडू बोलणे समजू शकते. तरी या वेळी कागद थोडा पुढे सरकला आहे. नांदेड-नायगाव-देगलूर-बिदर हा सुमारे दीडशे किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झालेला आहे आणि खर्चाचा वाटा उचलायला महाराष्ट्राने मान्यता दिली आहे. तो झाला तर नांदेडहून बिदरला जाण्यासाठी परभणी-परळीचा फेरा पडणार नाही आणि देगलूरकर आपल्या गावातून गाडीत बसेल. दुसरी मागणी बोधनची. देगलूर-बिलोलीच्या पूर्वेला मांजरा ओलांडली की तेलंगणातले बोधन. निजामाने तिथे १९३० च्या दशकात साखर कारखाना काढला आणि साखरेसाठी रूळही नेले. बिलोली तिथून वीस-पंचवीस किलोमीटर, पण रूळ नदीच्या अलीकडे आलेच नाहीत. कारखाना २०१५ मध्ये बंद पडला. साखर गेली, रूळ राहिले, आणि त्यांचे शेवटचे टोक अजून मराठवाड्याकडे तोंड करून थांबले आहे.

इथे माझ्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू दिसू लागले. जुने रूळ कुणी टाकले? इंग्रजांनी आणि निजामाने. कशासाठी? कापूस, साखर, सागवान आणि फौजा नेण्यासाठी. त्यांना लातूर-नांदेड जोडण्यात रस नव्हता. प्रत्येक रूळ आपापल्या राजधानीकडे गेला, एक मुंबईकडे, बाकीचे हैदराबादकडे. दोघांच्या मधली जागा म्हणजे कुणाचीच नव्हे. बालाघाट आडवा आला नाही. तो फक्त दोन दरबारांच्या पाठी जिथे एकमेकींना टेकल्या तिथे उभा होता.

मनमाडची ती हाक

नांदेडची गोष्ट वेगळी नाही. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, मीटरगेज. मनमाडला इंग्रजांची मोठी लाइन, तिथे पुन्हा गेज तुटलेले. "मनमाड! गाडी बदला!" ही हाक ऐकत नांदेडच्या तीन-चार पिढ्या वाढल्या. अर्ध्या रात्री उठून, झोपलेली पोरे खांद्यावर टाकून, सुरया आणि वळकट्या सांभाळत मुंबईच्या गाडीकडे धावायचे. मराठवाड्याचे मागासलेपण किती समित्यांनी मोजले असेल, पण माझ्या मते त्याचे सोपे माप होते मनमाडचा फलाट. १९९२ मध्ये मनमाड-औरंगाबाद रुंद झाली आणि त्याच दशकात ब्रॉडगेज नांदेडला आली. २००३ मध्ये नांदेडला स्वतंत्र रेल्वे विभाग झाला. आज नांदेडची पोरे मुंबईला एका झोपेत जातात आणि त्यांना ती हाक ठाऊकही नाही. बरेच झाले.

नवी लाइन आता उत्तरेकडूनही येते आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड, २८४ किलोमीटर. २००८-०९ मध्ये मंजूर झालेली. तिचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. ती नांदेडला पोचेल तेव्हा पैनगंगा ओलांडेल. पैनगंगा म्हणजे पूर्वीचा वऱ्हाड आणि निजामशाही यांची सरहद्द. विदर्भ आणि मराठवाडा १९५६ पासून एका राज्यात आहेत, पण या नदीवर नांदेडच्या वाटेचा रेल्वेपूल त्यांना अजून मिळायचा आहे.

सागाच्या रानातून दोनदा सीमापार

शेवटचे तीन दिवस माझ्या मनासारखे गेले. नांदेड, मुदखेड, भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट. भोकर सोडले की डोंगर सुरू होतात. हा बालाघाट नव्हे. हा पैनगंगेच्या काठचा सातमाळा-निर्मळचा मुलूख, सागाचा, मोहाचा आणि लहान लहान पाड्यांचा. रस्ता कधी रुळांच्या डावीकडे, कधी उजवीकडे. फाटक बंद असले की सायकलला टेकून उभे राहायचे, गाडी येईपर्यंत फाटकवाल्याशी बोलायचे. थंडी अशी की सकाळी आठपर्यंत बोटे ब्रेकवर वळत नव्हती.

मुदखेड-आदिलाबाद ही लाइन पूर्वी मीटरगेज होती आणि आदिलाबादला संपत होती. रूळ रुंद झाले. आदिलाबादच्या पुढे नवे रूळ पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातल्या पिंपळखुटीला, तिथून वणी-माजरीकडे गेले. त्यामुळे मुंबईहून नांदेडमार्गे बल्लारशाहला जाणारी नंदीग्राम एक्स्प्रेस महाराष्ट्रातून तेलंगणात शिरते आणि पुन्हा महाराष्ट्रात येते. दोन वेळा सीमा ओलांडते आणि कुणाला उतरावे लागत नाही. आजीचे लुगडे आठवले.

किनवटच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा अशा चार-पाच भाषा कानावर पडल्या. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. तेव्हापासून ते नांदेडचे. आणि मौज अशी की आता आदिलाबादचे स्टेशन नांदेडच्या रेल्वे विभागात आहे, तर महाराष्ट्रातल्या उदगीरचे स्टेशन सिकंदराबादच्या विभागात. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आणि लातूर रोड पुन्हा सिकंदराबादकडे! एकाच जिल्ह्यातली दोन स्टेशने, पण तक्रार करायची तर एकाने सोलापूरला आणि दुसऱ्याने तेलंगणात. गेजची सरहद्द पुसली, पण टेबलांची सरहद्द शाबूत आहे. वेळापत्रकात गाड्या एकमेकींना चुकवतात त्या इथेच.

जगभर हेच

आपल्यालाच हा शाप आहे असे समजू नये. स्पेनने रूळ फ्रान्सपेक्षा रुंद ठेवले आणि पिरेनीज पर्वताच्या दोन्ही टोकांना पिढ्यान्‌पिढ्या प्रवासी गाड्या बदलत राहिले. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळात जनकपूरला १९३७ पासून एक छोटी गाडी जात असे, आपल्या बार्शी लाइटची बहीण शोभावी अशी. ती २०१४ मध्ये थांबली आणि एप्रिल २०२२ मध्ये ब्रॉडगेजवर पुन्हा सुरू झाली. सीतेच्या माहेरची वाट पुन्हा मोकळी झाली, असे तिकडच्या बायका म्हणत असतील तर नवल नाही. लाओससारख्या डोंगराळ देशात चीनची नवी रेल्वे डिसेंबर २०२१ मध्ये आली, बोगद्यांमागून बोगदे पोखरीत. पण मेकाँग नदीपलीकडे थायलंडचे रूळ मीटरगेज. तिथे माल आजही एका गाडीतून दुसरीत चढवावा लागतो. कुर्डुवाडीचे हमाल तिथे गेले तर त्यांना काम नवे वाटणार नाही.

या सगळ्यांतून एकच गोष्ट दिसते. डोंगराला पैसा आणि वेळ लागतो, पण डोंगर तह करतो. पैसे मोजले की बाजूला होतो. सरहद्द मात्र दोघांनी मिळून पुसावी लागते. दोघांपैकी एकाला जरी ती अडचणीची वाटली नाही, तर ती तशीच राहते. आणि गाडी बदलण्याचा त्रास सरहद्द आखणाऱ्याला कधी होत नाही. तो होतो एक्सरेचे पाकीट घेऊन बसलेल्या बाईला, सुटीनंतर वसतिगृहाकडे निघालेल्या पोरींना आणि वारानुसार लेकींकडे जाणाऱ्या मावशींना.

म्हणून नांदेड-बिदरच्या, बोधनच्या किंवा लोहा-अहमदपूरवरून लातूरच्या थेट मार्गाच्या चर्चेत कुणी पुन्हा 'मध्ये बालाघाट आहे ना' म्हणाले, तर त्याला एकदा सायकल द्यावी. लातूरहून निघावे, उदगिराला मुक्काम करावा, येळवशीला कुणाच्या तरी कोपीत आंबील प्यावी आणि देगलूरच्या बसस्थानकात तासभर बसावे. चढ आहे, दम लागतो, पण माणूस चढून जातो. साठीचा चढतो, तर इंजिनाला काय झाले?